जुन्या तबकड्या, नव्या आवृत्त्या : काय ऐकावे, काय मागून घ्यावे

भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत निवर्तले आणि १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याच्या एका हॉटेलात कर्णा मांडून बसला. अवघे पावणेदोन वर्षांचे अंतर. ज्या आवाजासाठी किर्लोस्कर मंडळींच्या प्रयोगांना महाराष्ट्र लोटत असे, तो आवाज प्रत्यक्षात कसा होता हे सांगणारे आज जुन्या आठवणींपलीकडे काहीही उरलेले नाही. याला दैवगती म्हणता येईल. परंतु गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते. त्या काळात ध्वनिमुद्रणाची यंत्रे मुंबई-पुण्याच्या दारात येऊन उभी होती. तरीही या दोघांच्या गायनाची एकही तबकडी निघाली नाही. तीन मिनिटांत राग मावणार कसा, हा त्या पिढीचा प्रश्न खोटा नव्हता. कष्टाने मिळविलेली विद्या परक्याच्या हाती फुकट जाईल, ही धास्तीही समजण्यासारखी होती. पण त्या संकोचाची किंमत मोजली ती पुढच्या पिढ्यांनी.

ज्या १९२२ साली भास्करबुवा गेले, त्याच साली ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँही गेले. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी या कलंदर, अर्धवट भानावर असलेल्या गवयाला आश्रय दिला आणि विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी तो निभावला. या ‘भूगंधर्वा’च्या उतारवयातल्या काही तबकड्या निघाल्या. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. कर्ण्यात तोंड घालून, थकल्या शरीराने, तीन-तीन मिनिटे गायलेले ते गाणे आहे. खरखरीच्या पडद्यामागून अचानक एक तान अशी सुटते की ऐकणारा सरसावून बसतो. एकाच वर्षी गेलेले दोन महान गवई. एकाचे असे काही क्षण हाताशी आहेत, दुसऱ्याचा एक सूरही नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांकडे पाहण्याची दृष्टी या एका तुलनेतून यावयास हवी.

अशा ध्वनिमुद्रिका आज पुन्हा सर्वत्र दिसू लागल्या आहेत. एचएमव्ही या नावाने परिचित असलेल्या आणि २००० सालापासून ‘सारेगामा’ म्हणवणाऱ्या कंपनीने आपल्या संग्रहातील बरेच काही एलपी, कॅसेट, सीडी अशा रूपांत फिरविले आणि आता ते भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहे. २०१७ साली आलेल्या ‘कारवाँ’ या यंत्राने तर जुनी गाणी आजी-आजोबांच्या उशाशी नेऊन ठेवली. ही सर्व स्वागतार्ह घटना आहे. प्रश्न आहे तो हे काम कोणत्या शिस्तीने होते याचा.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे केले. देशभरातून पोथ्या मिळविल्या, त्या ताडून पाहिल्या, पाठभेद नोंदविले, कोणता पाठ का स्वीकारला याची कारणे दिली. हाती आलेली पहिलीच पोथी छापखान्यात धाडून कोणी मोकळे झाले नाही. जुनी तबकडी हीसुद्धा पोथीच आहे. फरक इतकाच की तिच्यावर अक्षरांऐवजी आवाज कोरलेला आहे. मग तिची नवी आवृत्ती काढताना संपादनाची तीच कसोटी का लावू नये? आज बाजारात येणाऱ्या बहुतेक पुनःप्रकाशनांवर रागाचे नाव असते, क्वचित तालाचे असते. पण गायन कोणत्या वर्षीचे, मूळ तबकडी कोणत्या कंपनीची, तिचा क्रमांक काय, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, याचा पत्ता नसतो. पुस्तकावर प्रकाशनवर्ष नसेल तर अभ्यासक ते पुस्तक बाजूला ठेवतो. गाण्याच्या बाबतीत मात्र हेच अज्ञान निमूटपणे विकत घेतले जाते.

या तबकड्यांचा प्रवासही मोठा विलक्षण होता. त्या ज्या शेलॅकच्या बनत, तो पदार्थ म्हणजे लाख. आणि लाखेचा जगातील मुख्य पुरवठादार होता भारत. छोटा नागपूरच्या रानातली लाख समुद्र ओलांडून युरोपात जाई, आणि सुरुवातीच्या काळात कलकत्त्यात मुद्रित झालेला आवाज जर्मनीतील हॅनोव्हर येथे तिच्यावर ठसवून पुन्हा इथल्या बाजारात येई. कच्चा माल इथला, गळा इथला, कारखाना तिकडचा. त्या कारखान्यातल्या कामगाराला गाणारी व्यक्ती कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच गायक स्वतःचे नाव उच्चारीत असे. गौहरजानने आपले नाव इंग्रजीत उच्चारले, ती घोषणा पुढे प्रसिद्धच झाली. तो पत्ता होता, साक्ष होती, त्या व्यक्तीचा बोलण्याचा आवाज जपणारा एकमेव क्षण होता. नंतरच्या कित्येक पुनःप्रकाशनांत हा क्षण अनावश्यक म्हणून कापून टाकलेला आढळतो. पोथीच्या अखेरीची लेखनकाराची ओळ फाडून टाकावी, तसा हा प्रकार आहे.

त्याहून गंभीर दोष वेगाचा आहे. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी’ असे सरसकट म्हटले जात असले तरी सुरुवातीच्या काळातल्या सर्व तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. काही संथ होत्या, काही जलद. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजविली तर वेग पाच-साडेपाच टक्क्यांनी वाढतो आणि स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने वर सरकतो. काळी एकमध्ये गायलेला गवई पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो. नुसती पट्टी चढत नाही, आवाजाचा पोत पातळ होतो, तान खरी होती त्यापेक्षा चपळ वाटते, आलापातील विसावा आखडतो. ‘पूर्वीचे गवई बारीक आवाजात, घाईने गात’ असा जो समज रूढ झाला आहे, त्याच्या पाठीशी चुकीच्या वेगाने फिरणारे यंत्रही आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. यावर उपायही आहे. साथीला हार्मोनियम असेल तर पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असल्याने तिच्या सुरावरून मूळ वेगाचा बराच अंदाज बांधता येतो. जाणकार संग्राहक हेच करतात. मोठमोठ्या कंपन्यांना ते जड जाऊ नये.

तिसरा दोष स्वच्छतेच्या हव्यासाचा. खरखर ऐकणाऱ्याला त्रास देते म्हणून संगणकाकरवी ती पुसली जाते. पण यंत्राला खरखर आणि तंबोऱ्याची जवारी यांतला भेद कळत नाही. खरखरीबरोबर स्वराभोवतीचे वलय जाते, श्वास जातो, ‘स’ आणि ‘श’ यांचे उच्चार जातात. उरतो तो ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला आवाज. एलपीच्या काळात जुन्या एकमार्गी मुद्रणांना कृत्रिम ‘स्टिरिओ’ करण्याची टूम निघाली होती, तीही याच जातीची. कान दहा मिनिटांत खरखरीला सरावतो. पुसला गेलेला स्वर मात्र कितीही सरावाने परत येत नाही.

एवढे ध्यानी घेऊन एखाद्या कुटुंबाने काय ऐकावे? आरंभ अब्दुल करीम खाँसाहेबांपासून करणे उत्तम. त्यांची ध्वनिमुद्रणे दोन काळांतली आहेत. पहिली १९०५ च्या सुमाराची, कर्ण्यासमोर गायलेली. दुसरी १९३० च्या दशकातली, ओडियन कंपनीसाठी मायक्रोफोनसमोर गायलेली. कर्ण्याला जोरकस आवाज लागत असे. मायक्रोफोनने हलका, पीळदार, सुरात विरघळणारा आवाज टिपण्याची सोय केली आणि किराणा घराण्याच्या गायकीला जणू तिचे माध्यम सापडले. दोन्ही काळांतले तुकडे लागोपाठ ऐकले की यंत्र कलेवर काय परिणाम करते हे कोणत्याही व्याख्यानाविना उमगते. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तर इतिहास घडविणारी ठरली. गदगच्या बाजूचा एक शाळकरी मुलगा ती तबकडी ऐकून असा वेडावला की १९३३ साली गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघून गेला. त्या मुलाला २००८ साली भारतरत्न जाहीर झाले. भीमसेन जोशी यांच्या दीर्घ ध्वनिमुद्रणांविषयी नव्याने सांगण्याची गरज नाही. ती बहुतेक घरांत आहेतच. परंतु मधला दुवा अनेकांनी ऐकलेला नसतो. तो म्हणजे सवाई गंधर्वांच्या तबकड्या. गुरू, शिष्य आणि प्रशिष्य असे तिघांना एका बैठकीत ऐकले म्हणजे परंपरा हा शब्द भाषणातला राहत नाही.

जयपूर-अत्रौली घराण्याच्या बाबतीत तर ऐकणाऱ्याला थेट संशोधकाची भूमिका घेता येते. मूळ पुरुष अल्लादिया खाँ यांचे ध्वनिमुद्रण नाही. परंतु केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या थेट शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर हे त्यांच्या दोन मुलांचे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांचे शिष्य. किशोरी आमोणकर या मोगूबाईंच्या कन्या आणि शिष्या. या चौघांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. स्वभाव चौघांचे चार दिशांना. केसरबाईंचा ठाम, भरदार, कोठेही न झुकणारा स्वर; मोगूबाईंची लयीवरची शांत हुकमत; मन्सूरांचा एका दमात पुढे झेपावणारा प्रवाह; किशोरीताईंची स्वरात थांबून राहण्याची आस. इतके भेद असूनही आवर्तन भरण्याची रीत, तानेचा पेच, समेवर येण्याची वळणे यांत चौघांत जे सामाईक आढळते, ते बहुधा खाँसाहेबांचे. हरवलेल्या मूळ पोथीचा पाठ तिच्या चार नकलांवरून ठरवावा, तशीच ही रीत. केसरबाईंच्या तबकड्यांपैकी ललत, नट कामोद आणि भैरवी, आणि किशोरीताईंची भूपची एलपी, एवढ्यावर ही वाटचाल सुरू करता येईल. मन्सूरांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. १९३० च्या दशकात ग्रामोफोनसाठी गाणारा तरुण आणि उत्तरायुष्यातला साधुवृत्तीचा वृद्ध, दोघेही उपलब्ध आहेत. या दोघांमधले अंतर ऐकण्याजोगे आहे.

केसरबाईंच्या भैरवीची कथा सर्वांना अर्धीच ठाऊक असते. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची जी सोनेरी तबकडी बसविली, तिच्यात हिंदुस्थानी संगीताचा एकमेव प्रतिनिधी म्हणून सुमारे साडेतीन मिनिटांची ही भैरवी आहे. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचविली. गोव्यातल्या केरी गावची ही कन्या त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेली. पहिले व्हॉयेजर उडून तेव्हा महिनाही झालेला नव्हता. अभिमान वाटावा अशीच ही घटना आहे. उरलेली अर्धी कथा अशी की त्या वेळी ती तबकडी बाजारातून नाहीशी झालेली होती. तिच्या प्रती बऱ्याच शोधाअंती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडल्या. जे गाणे ताऱ्यांच्या वाटेवर धाडायचे होते, त्याची नवी प्रत कोणी काढलेली नव्हती. अभिमानाच्या भाषणांत ही दुसरी बाजू येत नाही, ती यावी.

भास्करबुवांनाही असेच त्यांच्या शिष्यांतून ऐकावे लागते. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाची पदे १९१६ साली त्यांनी चालींत बांधली. त्यातली यमन, बिहाग अशा रागांतली पदे बालगंधर्वांच्या तबकड्यांत आहेत. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या रागदारीच्या तबकड्या त्यांच्या शेजारी ठेवाव्यात. दोघांनाही जे एकाच घरून मिळाले, ते लपत नाही. मग कुमार गंधर्वांचे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ऐकावे. नक्कल न करता एका मोठ्या गायकाने दुसऱ्याला कसे समजून घ्यावे, याचा तो वस्तुपाठ आहे. नाट्यपद म्हणजे हलके संगीत, असे मानणाऱ्या अतिशुद्धवाद्यांनी तर तो अवश्य ऐकावा. मास्तरांचा उल्लेख आला की ‘वंदे मातरम्’ आठवणे अपरिहार्य आहे. घटना समितीसमोर या गीताची बाजू मांडण्यासाठी त्यांनी त्याची झिंझोटीतली चाल घेऊन अथक खटपट केली. ओंकारनाथ ठाकूर, विष्णुपंत पागनीस यांनीही हे गीत आपापल्या चालींत मुद्रित केले आहे. २०२५ साली या गीताच्या १५० वर्षांनिमित्त अनेक समारंभ झाले. एकच गीत किती रागांत, किती गळ्यांत उतरले याचा नीट संपादित, सटीप संच या निमित्ताने घरोघरी पोहोचावयास हवा.

घरात लहान मुले असतील तर मात्र प्रथम द. वि. पलुसकर. विष्णु दिगंबरांचा हा पुत्र वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा होता आणि स्वतः १९५५ साली वयाच्या ३४ व्या वर्षी गेला. त्याच्या छोट्या ध्वनिमुद्रिका म्हणजे रागाचे सुबक, निर्दोष चित्र. शब्द स्वच्छ, सूर निर्मळ, कोठेही आटापिटा नाही. नारायणराव व्यासांच्या तबकड्याही याच कारणासाठी एके काळी घरोघरी होत्या. तीन मिनिटांची मर्यादा ही केवळ अडचण नव्हती. काय सांगायचे नाही हे ठरविण्याची सक्ती तिने गायकावर केली आणि पलुसकर, व्यास यांच्यासारख्यांनी त्या सक्तीचे सोने केले. आजच्या मुलांना एकदम तासाभराचा ख्याल ऐकवून शास्त्रीय संगीताची भीती घालण्यापेक्षा हे तीन मिनिटांचे दार अधिक सोयीचे आहे. त्यानंतर अमीर खाँ यांची १९६० सालची मारवा आणि दरबारीची एलपी लावावी. दिवेलागणीला मारवा, मुले निजल्यावर दरबारी. विलंबित लय म्हणजे संथपणा नव्हे, हे ही एकच ध्वनिमुद्रिका पटवून देते.

मैफलीचा खरा विस्तार मात्र कंपन्यांच्या तबकड्यांत नाही, आकाशवाणीच्या संग्रहात आहे. आकाशवाणीने २००३ साली ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने हा खजिना थोडाथोडा खुला करण्यास आरंभ केला. पुढे प्रसार भारतीने यूट्यूबवरही बरेच काही ठेवले. खासगी मैफलींची मुद्रणे कॅसेटच्या काळात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या जाणत्या प्रकाशकांनी रसिकांपर्यंत पोहोचविली, ते काम विसरण्याजोगे नाही. पण मुंबईचे ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ साली बंद झाले, तेव्हाच दुकानात जाऊन, वेष्टन चाळून, विक्रेत्याशी चार शब्द बोलून ध्वनिमुद्रिका निवडण्याचे युग मावळले. वेष्टनावरचा मजकूर कितीही तुटपुंजा असो, तो हातात येत असे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तोही उरलेला नाही.

नव्या ध्वनिमुद्रणांची तक्रार वेगळी आहे. तबला गायकापेक्षा मोठा, तंबोऱ्याच्या जागी यंत्र, चुका कापून जोडलेली तान. ऐकताना सारे चकचकीत वाटते आणि दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटत नाही. याला सन्मान्य अपवाद आहेत. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी ‘रागरचनांजली’ या पुस्तकात आपल्या बंदिशी स्वरलिपी आणि विवेचनासह दिल्या आणि सोबत त्यांची ध्वनिमुद्रिकाही दिली. ग्रंथ आणि गायन एकत्र देण्याचा हा पायंडा अनुकरणीय आहे. उल्हास कशाळकर यांच्या गायनात ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही घराण्यांची शिस्त एकत्र नांदते. धारवाडचे व्यंकटेश कुमार यांच्या गळ्यात भक्ती आणि रागदारी यांची फारकत नाही. या दोघांचे मैफलीतले मुद्रण मिळाले तर स्टुडिओतल्यापेक्षा ते निवडावे.

खेदाची गोष्ट अशी की भारतीय संगीताच्या उत्तम टिपणांसह निघालेल्या ध्वनिमुद्रिका पुष्कळदा परदेशी आहेत. आलँ दानिएलू यांनी १९५५ साली युरोपात प्रसिद्ध केलेला भारतीय संगीताचा संच, फ्रान्सच्या ‘ओकोरा’ची आणि न्यूयॉर्कच्या ‘इंडिया आर्काइव्ह म्युझिक’ची प्रकाशने, लंडनच्या दरबार महोत्सवाची मुद्रणे, यांच्यासोबत राग, ताल, परंपरा यांची माहिती देण्याची दक्षता दिसते. परकीयांनी केले म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही, आणि त्यांनी केले म्हणून आपण स्वस्थ बसण्याचेही नाही. परदेशी अभ्यासकांनी इथून मुद्रित करून नेलेले संगीत पुन्हा भारतात आणण्याच्या हेतूने १९८२ साली स्थापन झालेली एक संस्था, एआरसीई, गुरुग्राममध्ये कार्यरत आहे. १९९० साली मुंबईत काही ध्येयवेड्या मंडळींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी केली आणि पदरमोड करून तबकड्यांच्या सूची, लेख, चर्चा प्रसिद्ध केल्या. कंपन्यांनी द्यावयास हवी होती ती माहिती बरीचशी अशा संग्राहकांच्या वह्यांत आहे.

आता कायद्याची एक बाब, जी फारशी कोणी सांगत नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. याचा सरळ अर्थ असा की १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवरचा कंपनीचा हक्क संपलेला आहे. रहिमत खाँ, अब्दुल करीम, सवाई गंधर्व, पलुसकर यांच्या जुन्या तबकड्या, ध्वनिमुद्रण म्हणून, समाजाच्या झाल्या आहेत. गीताच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा असतो, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, एवढे मात्र पाहावे लागते. मग महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगीत विभागांनी, मोठ्या ग्रंथालयांनी, शतकभर जुन्या गायन समाजांनी मिळून या तबकड्यांची मुक्त, सटीप आवृत्ती का काढू नये? कंपनीच्या मर्जीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दृक्-श्राव्य संग्रहांसाठी राष्ट्रीय व्यवस्था उभारलीच आहे. तिच्याकडे प्रादेशिक साहित्य नेऊन पोहोचविणारे हात हवेत. कंपनीने सूची द्यावी, मूळ मुद्रणे उपलब्ध करावीत, हा आग्रह ग्राहकाने पत्र लिहून धरावा. पण अर्धे काम तरी तिच्यावाचून होण्यासारखे आहे.

कारण पोथ्या घरांत आहेत. सांगली, मिरज, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, बेळगाव इथल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर तबकड्यांचे खोके पडून आहेत. वाडा पाडून इमारत उठते तेव्हा ते रद्दीबरोबर जातात. मैफलींच्या कॅसेट तर त्याहून नाजूक, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नसते. एखाद्या गावच्या गणेशोत्सवात १९७८ साली कोण गायले, तबल्याला कोण होते, हे सांगणारे आजोबा अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील. ज्यांचा घरोघर संपर्क आहे अशा कार्यकर्त्यांना एका वस्तीची सूची करणे अवघड नाही. एक वही पुरे. घराचे नाव, तबकडीवरच्या कागदावरचा सर्व मजकूर जसाच्या तसा, मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक, आणि घरातील ज्येष्ठांना जे आठवते ते. क्रमांक उतरून घेण्याचा कंटाळा करू नये. मुद्रणाचा काळ बहुधा त्यावरूनच ठरविता येतो. कॅसेटच्या डबीत चिठ्ठी घालावी, तारीख ठाऊक नसेल तर ‘थोरल्याच्या मुंजीच्या आधी’ असे लिहिले तरी चालेल.

तबकड्या एकीवर एक रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईने हौस म्हणून वाजवू नयेत; प्रत्येक वेळी थोडा आवाज खरवडला जातो. धूळ पुसण्यास किंचित ओले मऊ फडके पुरते, कागदावर पाणी जाऊ देऊ नये. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नये, लाख त्यात विरघळते.